दुसऱ्या देशाच्या यादवी युद्धात आपले सैन्य पाठवावे का?

वाटसरू (धागालेखक):

एखाद्या देशात यादवी युद्ध पेटते, सरकार किंवा बंडखोर निःशस्त्र नागरिकांच्या जिवावर उठतात, आणि बाहेरच्या एखाद्या देशाकडे ते थांबवण्याइतके सैन्यबळ असते. अशा वेळी त्या देशाने आपले सैनिक तेथे पाठवावेत का? अन्न, औषधे, निर्वासितांना आश्रय किंवा मध्यस्थी यांविषयी मी विचारत नाही, कारण त्यांबद्दल फारसा मतभेद होण्याचे कारण नाही.

माझी अडचण उदाहरणांची आहे. 1994 साली रवांडात जगाने हात आखडता घेतला आणि सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली. 2011 साली लिबियात जगाने हात घातला, बेंगाझी शहरावर चालून आलेल्या हुकूमशहा गद्दाफींच्या फौजेचे संकट टळले, पण काही वर्षांतच देशाचे तुकडे पडून दोन सरकारे आणि असंख्य टोळ्या एकमेकांशी लढू लागल्या. निकाल लागल्यानंतर उदाहरणे निवडली, तर कोणतीही बाजू सिद्ध करता येते. म्हणून पुढे काय होणार हे ठाऊक नसताना, निर्णय घेण्याच्या दिवशीच कोणती कसोटी लावावी, असा माझा प्रश्न आहे. शिवाय, ज्याच्या सीमेवर निर्वासितांचे लोंढे येऊन धडकतात त्या शेजारी देशाला दूरच्या देशापेक्षा वेगळा अधिकार असतो का, हेही जाणकारांनी सांगावे.

नीरक्षीर:

कसोटी हवी असेल तर आधी सैन्याला काय जमते आणि काय जमत नाही हे वेगळे करावे लागेल. विमानतळ ताब्यात ठेवणे, एखादे शहर पडू न देणे, तोफांचा मारा बंद पाडणे, मदतीच्या वाहनांना रस्ता मोकळा करून देणे ही कामे सैन्य करू शकते. ज्यांच्यात राज्य कोणी करावे यावरून रक्त सांडले आहे, त्यांच्यात तडजोड घडवणे सैन्याच्या हातात नसते. त्यामुळे सैन्य पाठवण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न असा, की लढाई थांबल्यावर सत्ता ज्याच्या हाती सोपवता येईल असा कोणी त्या देशात आज आहे का, आणि तेथील लोक त्याला आपला मानतात का.

सिएरा लिओन आणि श्रीलंका ही दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहावीत. मे 2000 मध्ये सिएरा लिओनमधील बंडखोरांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुमारे 500 शांतिसैनिकांना ओलीस धरले होते आणि राजधानी फ्रीटाउन पडण्याच्या बेतात होती. ब्रिटनने आपले नागरिक बाहेर काढण्यासाठी सैन्य उतरवले, लुंगी विमानतळ ताब्यात घेतला, आणि मग तेथेच थांबून सिएरा लिओनच्या सैन्याला प्रशिक्षण देऊन उभे केले. त्या देशात 1996 साली निवडून आलेले सरकार होते. ज्यांच्याशी लढायचे ते बंडखोर हिऱ्यांच्या खाणींवर पोसलेले आणि सामान्य लोकांचे हातपाय तोडण्यासाठी कुप्रसिद्ध असल्यामुळे त्यांना जनतेत आधार नव्हता. एवढे असूनही काम एकट्या ब्रिटनने पुरे केलेले नाही. संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना पुढे 17,500 पर्यंत वाढवण्याची मंजुरी मिळाली, सुमारे 75 हजार लढवय्यांची शस्त्रे उतरवली गेली, तेव्हा कोठे जानेवारी 2002 मध्ये युद्ध संपल्याचे जाहीर झाले.

श्रीलंकेत नेमके उलटे घडले. 29 जुलै 1987 रोजी झालेला करार भारत आणि श्रीलंका या दोन सरकारांमधला होता; स्वतंत्र तमिळ राज्यासाठी सरकारशी लढणाऱ्या ज्या तमिळ वाघांनी शस्त्रे खाली ठेवायची होती, त्यांची त्यावर स्वाक्षरीच नव्हती. शस्त्रे गोळा करण्यासाठी आणि शस्त्रसंधीवर देखरेख ठेवण्यासाठी गेलेली भारतीय शांतिसेना ऑक्टोबरमध्ये जाफन्याच्या गल्ल्यांत त्याच वाघांशी लढत होती. ज्या तमिळांच्या रक्षणासाठी ती गेली, त्यांच्यातले अनेक तिला शत्रू मानू लागले, आणि दक्षिणेतील सिंहली जहालांना परकीय सैन्याचे निमित्त मिळून तेथे वेगळाच उठाव भडकला. 1989 साली श्रीलंकेच्याच नव्या राष्ट्राध्यक्षांनी भारताला निघून जाण्यास सांगितले. मार्च 1990 मध्ये शेवटची तुकडी परतली तोवर सुमारे 1,200 भारतीय जवानांनी प्राण गमावले होते, आणि तीनच महिन्यांत सरकार व वाघ यांच्यात पुन्हा युद्ध जुंपले, जे 2009 च्या मे महिन्यापर्यंत संपले नाही.

जवानांच्या शौर्यात काही कमी नव्हते, हे आवर्जून लिहावेसे वाटते. त्यांना ज्या कामासाठी पाठवले ते काम पोहोचल्यावर अडीच महिन्यांत बदलले, आणि नव्या कामाचा शेवट कोठे हे त्यांना सांगू शकेल असा कोणी नव्हता.

उत्तरायण:

नीरक्षीर यांचा मुद्दा मला पटतो, पण त्यातून कोणी ‘म्हणून जाऊच नये’ असा अर्थ काढू नये म्हणून लिहीत आहे. न जाणे हाही निर्णयच असतो, आणि त्याचीही किंमत कोणीतरी मोजत असते.

रवांडाच्या बाबतीत जगाकडे सैनिक नव्हते, असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती अधिक वेदनादायक आहे. संयुक्त राष्ट्रांचे सुमारे 2,500 शांतिसैनिक तेथे आधीपासूनच होते. 7 एप्रिल 1994 रोजी त्यांतील दहा बेल्जियन सैनिकांना ठार मारण्यात आले आणि बेल्जियमने आपली तुकडी काढून घेतली. त्याच आठवड्यात फ्रान्स आणि बेल्जियम यांचे शेकडो सैनिक राजधानी किगालीत उतरले, परदेशी नागरिकांना विमानात बसवून परत गेले, आणि ज्यांच्यासाठी विमान नव्हते ते मागे उरले. 21 एप्रिलला सुरक्षा परिषदेने शांतिसेना वाढवण्याऐवजी ती 270 पर्यंत कमी करण्याचा ठराव केला. शांतिसेनेचे सेनापती रोमेओ दालेर सुमारे 5,000 सैनिक मागत होते. मारेकऱ्यांच्या हातात बहुतेक ठिकाणी कोयते आणि सोटे होते, रस्त्यांवर अडथळे उभारलेले होते, आणि कोणाला मारायचे हे रेडिओवरून सांगितले जात होते. मागे राहिलेल्या मूठभर शांतिसैनिकांनी किगालीच्या स्टेडियममध्ये आश्रयाला आलेल्या हजारो लोकांना वाचवले. मूठभरांना एवढे जमले, तर पाच हजारांना किती जमले असते, हा प्रश्न मला टाळता येत नाही. सत्ता कोणाच्या हाती सोपवायची याचे उत्तर सापडेपर्यंत थांबण्याइतका वेळ त्या लोकांकडे नव्हता.

दुसरी गोष्ट अशी, की एका देशाने दूर राहायचे ठरवले म्हणून इतर देश दूर राहतात असे नाही. 1936 साली स्पेनमध्ये यादवी सुरू झाली तेव्हा युरोपातील देशांनी हस्तक्षेप न करण्याचा करार केला. ब्रिटन आणि फ्रान्सने स्पेनच्या कायदेशीर सरकारला शस्त्रे नाकारली. जर्मनी आणि इटलीने मात्र त्याच करारावर सह्या करून बंडखोर सेनापती फ्रँकोला विमाने आणि सैनिक पुरवले, आणि एप्रिल 1937 मध्ये गेर्निका शहर त्या विमानांनीच भाजून काढले. ज्यांनी करार पाळला त्यांची तटस्थता प्रत्यक्षात फ्रँकोच्या पथ्यावर पडली. आजच्या बहुतेक यादवींमध्ये बाहेरची शस्त्रे आणि पैसा आधीच पोहोचलेला असतो, म्हणून ‘त्यांचे त्यांना लढू द्या’ या म्हणण्याला फारसा आधार उरत नाही.

कलम-दुसरे:

कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो. 1945 च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील दुसरे कलम दुसऱ्या देशाविरुद्ध बळाच्या वापराला मनाई करते. त्यातून वाटा तीनच निघतात: स्वसंरक्षण, सुरक्षा परिषदेची परवानगी, किंवा त्या देशाच्या सरकारचे निमंत्रण. 2005 च्या जागतिक शिखर परिषदेत सर्व देशांनी मान्य केले की नरसंहारापासून जनतेचे रक्षण करण्यात एखादे सरकार उघडपणे अपयशी ठरले, तर सुरक्षा परिषदेमार्फत सामूहिक कारवाई करता येईल. पण परिषदेतील पाच कायम सदस्य देशांचा, कोणताही ठराव एकट्याने पाडण्याचा नकाराधिकार तसाच राहिला. 1999 साली युगोस्लाव्हियाच्या कोसोव्हो प्रांतातील अल्बेनियन लोकांच्या रक्षणासाठी नाटो या पाश्चात्त्य लष्करी संघटनेने 78 दिवस बॉम्बफेक केली तीही परिषदेच्या परवानगीविना.

शेजारी देशाबद्दल विचारले आहे म्हणून 1971 चे स्मरण करून देतो. पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले होते, तरीही 7 डिसेंबर रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने शस्त्रसंधी करून सैन्य मागे घेण्याची मागणी करणारा ठराव 104 विरुद्ध 11 मतांनी संमत केला. म्हणजे शेजाऱ्याला वेगळा कायदेशीर अधिकार आहे असे जगाने तेव्हा मानले नाही. मात्र नीरक्षीर यांची कसोटी तेथे पुरेपूर उतरते. डिसेंबर 1970 च्या निवडणुकीत अवामी लीगला पूर्व पाकिस्तानच्या 169 पैकी 167 जागा मिळाल्या होत्या, सत्ता कोणाकडे जाणार याबद्दल शंका नव्हती, आणि मार्च 1972 मध्ये भारतीय सैन्य बांगलादेशातून परतले सुद्धा.

‘हस्तक्षेप निःस्वार्थ असेल तरच योग्य’ या विचाराशीही मी सहमत नाही. ज्या देशाचे तेथे काहीच गुंतलेले नसते, तो पहिल्या मोठ्या आघातानंतर निघून जातो. ऑक्टोबर 1983 मध्ये लेबनॉनची राजधानी बैरूतमधील स्फोटांत 241 अमेरिकी आणि 58 फ्रेंच सैनिक मेले आणि काही महिन्यांत बहुराष्ट्रीय सेना परतली. ऑक्टोबर 1993 मध्ये मोगादिशूत 18 अमेरिकी सैनिक मेले आणि पुढच्या मार्चपर्यंत अमेरिकेने सोमालिया सोडला. स्वार्थ असावा, पण तो लपवलेला नसावा.

वाटसरू:

सर्वांचे आभार. रवांडाचे उदाहरण मला विचारात पाडणारे आहे, कारण तेथे पुढच्या राजकीय व्यवस्थेची वाट पाहणे म्हणजे माणसे मरू देणे होते. मग लिबियाचे काय? तेथेही तातडीचे संकट होते, सुरक्षा परिषदेची परवानगीही होती. ज्या दिवशी बेंगाझी वाचले, त्या दिवशी थांबणे शक्य होते का?

नीरक्षीर:

शक्य होते की नाही यावर आजही वाद आहे, पण थांबण्याचा प्रयत्नच झाला नाही, हे माझे स्पष्ट मत आहे. 17 मार्च 2011 चा सुरक्षा परिषदेचा 1973 क्रमांकाचा ठराव नागरिकांच्या रक्षणासाठी होता. दहा देशांनी बाजूने मत दिले; भारत, चीन, रशिया, ब्राझील आणि जर्मनी तटस्थ राहिले. 19 मार्चला हल्ले सुरू झाले आणि बेंगाझीच्या वेशीवरची गद्दाफींची फौज काही दिवसांतच मागे रेटली गेली. एप्रिलमध्ये आफ्रिकी संघाने शस्त्रसंधीचा आराखडा पुढे केला, तो बंडखोरांनी फेटाळला, आणि त्यांच्यावर दबाव आणू शकतील असे देश तोवर गद्दाफी गेलेच पाहिजेत असे जाहीरपणे म्हणू लागले होते. ऑक्टोबरमध्ये गद्दाफी मारले गेले, मोहीम गुंडाळली गेली, आणि शस्त्रांची कोठारे उघडी राहिली. त्यातील शस्त्रे वाळवंट ओलांडून मालीत पोहोचली, जेथे 2012 साली बंड उसळले. 2014 पासून लिबियात दुसरी यादवी सुरू झाली.

याची किंमत सीरियाच्या लोकांनीही मोजली. ऑक्टोबर 2011 मध्ये सीरियाविषयीचा ठराव रशिया आणि चीनने नकाराधिकार वापरून पाडला, तेव्हा रशियाच्या प्रतिनिधीने लिबियाचाच दाखला दिला. त्यांचा हेतू शुद्ध होता असे मी म्हणत नाही; पण रक्षणासाठी घेतलेली परवानगी सत्तांतरासाठी वापरली की पुढच्या वेळी ती मागणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि ज्यांना खरोखर रक्षण हवे असते ते लोक उघडे पडतात.

म्हणून उत्तरायण यांना माझे उत्तर असे, की नरसंहार चालू असेल तर पुढच्या सरकारची वाट न पाहता जावे, पण उद्देश तेवढाच ठेवावा आणि तो पुरा झाल्यावर तेथे टिकून राहण्याची तयारी आधीच करावी. बोस्नियात 1995 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमधील नाटोच्या हवाई हल्ल्यांची आठवण सगळ्यांना असते. तेथील युद्ध संपवणाऱ्या डेटन करारानंतर तो करार पाळला जावा म्हणून सुमारे 60 हजार सैनिक उतरवावे लागले, याची आठवण फार थोड्यांना असते. तेही बोस्नियातील स्रेब्रेनिका शहरात आठ हजारांहून अधिक पुरुष आणि मुलगे मारले गेल्यानंतर.

उत्तरायण:

उद्देश मर्यादित ठेवावा हे मान्य. पण तो मर्यादित राहील याची हमी कोण देणार? सरकार बदलते, सेनापती बदलतात, आणि पहिले सैनिक मेले की त्यांचे बलिदान वाया जाऊ नये म्हणून उद्देश वाढवण्याची भावना प्रबळ होते. मला ही हमी फक्त संसदेतच दिसते. अमेरिकेत 1973 च्या कायद्यानुसार काँग्रेसच्या संमतीविना साठ दिवसांपेक्षा जास्त लढता येत नाही, पण 2011 मध्ये लिबियातील बॉम्बफेक ही त्या कायद्याच्या अर्थाने लढाईच नव्हे असे सांगून सरकारने ती अट बाजूला सारली.

जर्मनीची पद्धत मला अधिक विचारपूर्वक वाटते. 1994 साली तेथील घटना न्यायालयाने सशस्त्र मोहिमेसाठी संसदेची संमती बंधनकारक ठरवली. तेव्हापासून प्रत्येक मोहिमेच्या ठरावात काम काय, क्षेत्र कोणते, सैनिक जास्तीत जास्त किती, मुदत किती आणि खर्च किती हे लिहिलेले असते. मुदत सहसा एका वर्षाची असते, आणि काम बदलायचे असेल तर पुन्हा मतदान घ्यावे लागते. या पद्धतीनेही अफगाणिस्तानची मोहीम वर्षामागून वर्षे वाढतच गेली, हे खरे आहे. तरी दर वेळी कोणत्या खासदाराने कशासाठी हात वर केला याची नोंद राहिली, आणि ज्या घरातील सैनिक परत आला नाही त्या घराला निदान त्या नोंदीचा जाब मागता येतो.