खाणपट्ट्याची छायाचित्रे: सामाजिक इतिहास की नुसता देखावा?

डिचोलीहून एक वाचक

गोव्याच्या खाणपट्ट्याचे छायाचित्र म्हटले की ड्रोनने टिपलेला तांबडा खड्डा, त्यात साचलेले हिरवट पाणी आणि कडेला उरलेले रान एवढेच डोळ्यांपुढे येते. त्यात माणूस नाही, म्हणून खाणीवर जगलेल्या गावांचा सामाजिक इतिहासही त्यात नाही, असे माझे ठाम मत आहे. अमेरिकेत 1946 साली सरकार आणि कोळसा कामगारांची संघटना यांच्यातील करारानुसार खाणवस्त्यांची आरोग्य पाहणी झाली. त्या वेळी छायाचित्रकार रसेल ली यांनी खाणीइतकेच लक्ष घरांकडे दिले. स्वयंपाकघरे, पाणी भरणाऱ्या बायका, कंपनीचे दुकान, चर्चमधील प्रार्थना हे सारे त्यांनी टिपले आणि बहुतेक चित्रांसोबत माणसाचे, खाणीचे व गावाचे नाव नोंदवून ठेवले. शिरगाव, पिसुर्ले, कोडली, सावर्डे येथे असे काम आताच व्हायला हवे, कारण यंत्रे येण्यापूर्वी डोक्यावरून पाट्या वाहणारी पिढी झपाट्याने सरत चालली आहे.

सावर्ड्याहून उत्तर

आपल्या तळमळीबद्दल आदर आहे, पण मत पटत नाही. 2012 साली खाणी थांबल्या आणि 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणींच्या भाडेपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले, तेव्हा आमच्याकडे कॅमेरे पुष्कळ आले. अंगणात उभा असलेला खनिजवाहू ट्रक आणि पायरीवर बसलेला मालक असे एकच चित्र सगळ्यांनी काढून नेले. त्या ट्रकवरचे कर्ज किती, भाडेदर कोण ठरवत होते, पोर्तुगीज काळातील परवान्यांचे 1987 च्या कायद्याने काय झाले, यातले काहीही त्या चित्रात उतरत नाही. ते कागदपत्रांत आणि तोंडी साक्षींत सापडते. माणसाची हतबलता तेवढी चौकटीत पकडायची आणि तिची कारणे बाहेर ठेवायची, याला मी इतिहास म्हणणार नाही.

फोंड्याहून उत्तर

कारणे चित्राबाहेर राहतात हे खरे, परंतु ती चित्रासोबत लिहिता येतात. अमेरिकी छायाचित्रकार लुइस हाइन यांनी 1911 च्या सुमारास पेनसिल्व्हेनियात कोळशातले दगड वेचणारी मुले टिपली, तेव्हा जिथे जमले तिथे मुलांची नावे आणि वयेही नोंदवली. बालमजुरीविरोधी समितीने ती चित्रे प्रचारासाठी वापरली. अर्थात टिकाऊ केंद्रीय कायदा व्हायला 1938 साल उजाडले, त्यामुळे केवळ छायाचित्रांनी बदल घडला असे मी म्हणणार नाही. पण ती नसती तर मालकांना सारे नाकारणे किती सोपे गेले असते, याचाही विचार करावा.

डिचोलीहून पुन्हा

सावर्ड्याच्या मित्रांचा आक्षेप पाहुण्या छायाचित्रकारांना लागू पडतो. मला आधी घरातले अल्बम हवे आहेत. दसऱ्याला झेंडूच्या माळा घातलेला नवा टिपर, बोनेटवर हळद-कुंकू, समोर नवे कपडे घातलेली मुले आणि चालकाच्या जागेवर हौसेने बसलेली आजी, असा फोटो खाणपट्ट्यातल्या कितीतरी घरांत निघेल. कर्ज काढून घेतलेल्या त्या गाडीत कुटुंबाने काय पाहिले, हे बातमीतल्या चित्रावरून कळत नाही, या फोटोवरून कळते. त्याच्या मागे तारीख आणि नावे आजच लिहून घेतली पाहिजेत.

सावर्ड्याहून पुन्हा

अल्बमला माझा विरोध नाही, मात्र एक अट आहे. टिपर सर्वांच्या दारात नव्हता. ज्यांच्या भातशेतीत पावसाबरोबर खाणमाती उतरली, ज्यांच्या विहिरी आटल्या, त्यांच्यापैकी अनेकांकडे त्या काळात कॅमेराच नव्हता. केवळ अल्बमवर संग्रह उभारला तर खाणीने ज्यांना हात दिला त्यांचाच इतिहास उरेल. म्हणून प्रत्येक टिपरच्या फोटोशेजारी त्याच वाड्यावरच्या एका शेतकऱ्याची साक्ष हवी. शिवाय पणजीच्या पुराभिलेखागारात प्रत जाण्याआधी गावच्या पंचायतीत तो संग्रह लावावा, आणि आपला फोटो नको म्हणणाऱ्याचा फोटो तिथेच संग्रहातून वगळावा. हे मान्य असेल तर सावर्डे-कुडचड्याच्या घरांतून फोटो गोळा करायला मी स्वतः फिरेन.