ओसीडी असलेल्या मुलांच्या गोष्टी : सातवीतल्या भाचीसाठी पुस्तके सुचवा

प्रश्न (आर्णी तालुका, यवतमाळ)
माझी भाची जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीत आहे. हात धुणे, दाराची कडी पुन्हा पुन्हा तपासणे आणि वाईट विचार आला की तेच शब्द पुटपुटणे हे सारे वाढत गेल्यावर नागपूरच्या मानसोपचारतज्ज्ञांनी ओसीडीचे (नको ते विचार पुन्हा पुन्हा येणे आणि त्यापायी त्याच त्याच कृती करत राहणे, या मानसिक आजाराचे) निदान केले असून उपचार सुरू आहेत. परंतु टँकरच्या पाण्याच्या दिवसांत तिने बादल्या रिकाम्या केल्या की घरचे चिडतात, शेजारी बाहेरबाधा म्हणतात, आणि आपल्यासारखे दुसरे कोणीच नाही असे तिला वाटते. असा त्रास सोसणारी, तिच्या वयाची मुले असलेल्या कादंबऱ्या सुचवाव्यात. इंग्रजी पुस्तके मी वाचून तिला मराठीत सांगेन.

उत्तर (शिक्षिका, वर्धा जिल्हा)
ताई, वेस्ली किंग यांच्या 'ओसीडॅनिएल'पासून (२०१६) सुरुवात करावी. तेरा वर्षांच्या डॅनिएलचे झोपण्यापूर्वीचे ठरलेले विधी तासन्‌तास चालतात, ते चुकले तर काहीतरी भयंकर घडेल असे त्याला वाटते, आणि या त्रासाला नाव आहे हेही त्याला बराच काळ ठाऊक नसते. लेखकाने हे स्वतः सोसलेले आहे. म्हणूनच मनातली भीती इतकी खरी उतरली आहे.

त्यानंतर लिसा थॉम्प्सन यांची 'द गोल्डफिश बॉय' (२०१७). जंतूंच्या धास्तीने घरात कोंडून घेतलेला बारा वर्षांचा मॅथ्यू खिडकीतून शेजाऱ्यांच्या नोंदी ठेवतो, आणि शेजारचे लहान मूल बेपत्ता झाल्यावर शोध घेऊ लागतो. रहस्यकथा असल्याने भाची 'पुढे काय झाले' म्हणून ऐकेल. मात्र त्याच्या भीतीमागे तान्ह्या भावाच्या मृत्यूचा अपराधभाव आहे. तो भाग आधी स्वतः वाचावा, आणि ओसीडी कोणाच्या चुकीमुळे होत नाही हे तिला स्पष्ट सांगावे.

उत्तर (पालक, अमरावती जिल्हा)
जॉन ग्रीन यांची 'टर्टल्स ऑल द वे डाउन' (२०१७) फार प्रामाणिक आहे, पण ती दहावीनंतरच द्यावी. त्यातील मुलगी संसर्गाच्या भीतीने बोटावरची जखम पुन्हा पुन्हा उघडते, आणि ते तपशील लहान वयात नवी धास्ती लावू शकतात.

गोष्ट सांगताना ती "माझे हात स्वच्छ आहेत ना?" असे वारंवार विचारेल. दर वेळी खात्री दिल्याने ती मागण्याची गरज वाढत जाते, म्हणून काय उत्तर द्यायचे हे तिच्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. घरच्यांना बोलायचे असल्यास टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून मोफत बोलता येते.