मदत हवी आहे : पोल्ट्रीवरच्या माणसांसाठी मास्क

नमस्कार मंडळी. शिरूरजवळ मामांची ब्रॉयलरची पोल्ट्री आहे. बर्ड फ्लूची बातमी आली की शेडवरची माणसं रुमाल बांधतात, फार तर सर्जिकल मास्क. तो कडांना सैल असतो. वाळलेल्या विष्ठेची नि पिसांची धूळ बाजूने सरळ आत जाते. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लूने काय झालं हे मामांना माहीत आहे, त्यामुळे खर्चाला त्यांची ना नाही.

एन९५ किंवा एफएफपी२ (बारीक धूळ गाळणारे, घट्ट बसणारे मास्क) घ्यायचे, हे नक्की. कानात अडकवायचे नकोत, डोक्यामागे दोन पट्टे असलेले हवेत. ते घट्ट बसतात. पुण्यात खात्रीचे कुठे मिळतील? पाकिटावर आयएस ९४७३ (अशा मास्कचं भारतीय मानक) पाहून घेतलं तर पुरेसं आहे का?

खरी अडचण दाढीची आहे. दाढीवर मास्कची कड टेकत नाही, मग तो कितीही चांगला असो. एका कामगाराने ती श्रद्धेने ठेवली आहे, त्याला काढ म्हणणं मला पटत नाही. बॅटरीच्या पंख्याने गाळलेली हवा आत सोडणारा, सैल हुडचा रेस्पिरेटर (त्याला कड टेकावी लागत नाही) कोणी शेडमध्ये वापरलाय का? धुळीत फिल्टर किती टिकतो?

आणि मास्क नीट बसतो का हे पाहायला कडू फवारा मारून करतात ती फिट टेस्ट पुण्यात कोणी करून देतं का? कृपया अनुभव असलेल्यांनीच सांगा.