अंगणात शेवंती लावायची आहे, मार्गशीर्षात फुलं हवीत, बजेट ६०० (सल्ला हवा)

दारव्ह्याची_सून
नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याजवळ खेड्यात राहते. घरासमोर साधारण दहा बाय पंधरा फूट अंगण रिकामं आहे. माती काळी, भारी. पाणी बोअरचं, पण लाइन असेल तेव्हाच. सासूबाईंचे मार्गशीर्षातले गुरुवार असतात. बुधवारच्या बाजारात शेवंतीचा भाव असा चढतो की पावशेर घ्यायलाही हात धजत नाही. म्हणून यंदा घरचीच करावी म्हणते. आता जून संपत आला, पाऊस एकदा बऱ्यापैकी झाला. रोपं कुठून घेऊ, कुंडीत लावू की जमिनीत, कोणती जात? सगळं मिळून ६०० रुपयांत बसवायचं आहे. त्याच्यावर एक रुपया नाही.

कपाशीवाला
ताई, शेवंतीच्या भानगडीत काहून पडता? झेंडू लावजा. पुडीभर बी, झालं काम. दसरा झाला, दिवाळी झाली, उरलेलं गुरावासराले.

दारव्ह्याची_सून
झेंडू धुऱ्यावर आहेच भाऊ. सासूबाईंना गुरुवारी शेवंतीच लागते.

गच्ची_नागपूर
मी गेली काही वर्षं गच्चीवर शेवंतीच करतो, अनुभवाने सांगतो. ६०० मध्ये काहीही होणार नाही. १२ इंची कुंड्या घ्या, कोकोपीट, गांडूळखत, पर्लाइट घ्या. वर हिरवी जाळी लागते, ५० टक्के ऊन अडवणारी. ठिबकचा छोटा सेटही आता बराच स्वस्त मिळतो. माझ्याकडे गेल्या थंडीत पांढऱ्या मोठ्या जातीचं एक फूल जेवणाच्या ताटलीएवढं आलं होतं, कॉलनीतले लोक फोटो काढायला येत होते. त्यासाठी एका फांदीवर एकच कळी ठेवायची, बाजूच्या सगळ्या बारीक असतानाच चिमटीने काढायच्या. जीव तुटतो, पण काढायच्याच. फोटो टाकू का?

मोर्शीची_मावशी
फोटो नको. तिला गुरुवारच्या पूजेला ओंजळभर फुलं पाहिजेत, प्रदर्शन भरवायचं नाही.
सूनबाई, ऐक. शेवंतीला रोप विकत घ्यायची गरजच नसते. ज्याच्या घरी जुनी शेवंती आहे त्याच्याकडे जा. बुंध्याजवळ मातीतून कोवळे फुटवे आलेले दिसतील. ते थोड्या मुळ्यांसकट उपटून आणायचे. फुटवे नसतील तर शेंड्याची बोटभर लांब काडी तोडायची, खालची पानं काढायची, ओल्या रेतीत सावलीला खोचायची. दोन-तीन आठवड्यांत मुळ्या फुटतात. आषाढात लावलेली काडी सहसा दगा देत नाही. दहा-बारा झाडं झाली तरी चार गुरुवार निघून जातात.

आर्वी_रिटायर्ड
मावशींशी सहमत. फुटवे घ्या. आमच्या शाळेत मुलांकडून मी असेच लावून घेत असे. पूर्वी प्रत्येक वाड्यात शेवंती असायची. आता वाडेच राहिले नाहीत. सगळीकडे फरशी.

कपाशीवाला
मास्तर, फरशी कोनं टाकली? तुमच्याच पिढीनं.

दारव्ह्याची_सून
माझ्या जाऊबाईंकडे बारीक पिवळी आहे, जुनी. पण फूल छोटं आहे, रुपयाएवढं. बाजारातलं मोठं दिसतं म्हणून विचारलं.

शेतातली_फुलं
मी वर्ध्याकडचा. थोडी शेवंती विकायलाच लावतो, म्हणून नावं सांगतो. बाजारात जे दाट पांढरं येतं ते बहुतेक पूर्णिमा. पिवळ्यात ऐश्वर्या. जुन्या नावांत राजा, बग्गी, झिप्री, सोनाली तारा, रेवडी. घरच्या पूजेला झिप्रीसारखी बारीकच बरी. एका झाडावर फुलं भरपूर येतात, पावसाचा मार सोसते, दोऱ्यात ओवायला सोपी. मोठ्या फुलाचं झाड लाडावलेलं असतं. रोप घ्यायचंच तर रोपवाटिकेत भाव आधी विचारा, माणूस बघून सांगतात.
आता मुद्द्याचं, जे कोणी बोललं नाही. तुमच्या अंगणात रात्री उजेड असतो का?

दारव्ह्याची_सून
हो, दारासमोरच खांब आहे. त्यावर मोठा पांढरा लाइट बसवलाय. दिवसाही चालूच असतो कधी कधी. का?

शेतातली_फुलं
तिथे लावू नका. शेवंती रात्र मोजते. २२-२३ सप्टेंबरला दिवस-रात्र सारखे होतात, त्यानंतर रात्र दिवसापेक्षा मोठी होत जाते. लांब, सलग अंधार मिळाला की झाड कळी धरायला लागतं. रात्रभर उजेड पडला तर झाड पानंच काढत बसतं, हिरवंगार होतं आणि मार्गशीर्ष येऊन निघून जातो. फुलशेतीवाले फुलं मुद्दाम उशिरा आणायला शेतात बल्ब लावतात, आणि लवकर आणायला संध्याकाळपासून काळं कापड टाकतात. दोन्हीमागे हीच गोष्ट आहे.

गच्ची_नागपूर
हे मी लिहिणारच होतो.

आर्वी_रिटायर्ड
उजेडाचं बरोबर आहे. आमच्या ओसरीत झिरो बल्ब असायचा, त्याच्याखालची कुंडी कधी फुललीच नाही. आम्ही मातीला दोष देत राहिलो.

पुसदचा_पोट्टा
अंधारात लावायचं मग? उन नको का?

शेतातली_फुलं
दिवसा पाच-सहा तास चांगलं ऊन पाहिजेच. रात्री काळोख पाहिजे. दोन्ही मिळेल अशी जागा बघा.

माती_आणि_मी
सगळे जातीवर बोलताहेत, मुळांवर कोणीच नाही. भारी काळ्या मातीत शेवंती पावसाळ्यात मरते, त्याला ती जात की ही जात काही फरक पडत नाही. पाणी थांबतं, बुड काळं पडतं, झाड सकाळी टवटवीत आणि दुपारी मान टाकलेलं. उपटून पाहिलं तर मुळं नासलेली. उपाय दोन. एक, कुंडी. दोन, वीतभर उंच गादीवाफा, मातीत चांगला चाळलेला मुरूम किंवा रेती आणि जुनं कुजलेलं शेणखत. ताजं शेण टाकू नका, मुळं खाणारी हुमणी अळी येते. तुरीसाठी आणलेली ट्रायकोडर्माची (मुळं नासवणाऱ्या बुरशीला दाबणारी चांगली बुरशी) पुडी घरात उरली असेल तर शेणखतात कालवून द्या. मी कुंडीच सुचवेन.

गच्ची_नागपूर
कुंडीच. १२ इंची.

मोर्शीची_मावशी
कुंडीच बरी, पण विकत कशाला? तेलाचा पिपा, रंगाची बादली, तळाला खिळ्याने भोकं पाड, खाली खापराचे तुकडे टाक. फुकटात काम.

कपाशीवाला
कुंडीले पाणी कोन घालीन? लाइन आठ घंटे नसते. उन्हात बादली तापली का मुळं शिजते. जमिनीतच लावजा. म्या सांगतो.

माती_आणि_मी
भाऊ, पावसाळ्यात लावायचं आहे. मे महिन्यात नाही.

कपाशीवाला
मे महिना येतच नाही का तुमच्या गावात?

शेतातली_फुलं
दोघांचंही खरं आहे. फुलं आटोपली की झाड बुडापासून चार बोटांवर छाटायचं. फेब्रुवारीत फुटवे येतात. आपल्याकडे मे मध्ये पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा दोन-चार मातृझाडं संत्र्याच्या, कडुनिंबाच्या सावलीत किंवा न्हाणीच्या पाण्याजवळ जगवायची. बाकीची गेली तरी चालतात. जूनमध्ये त्याच झाडांच्या काड्या करायच्या. दर वर्षी नवं लावलं तर फूल चांगलं येतं, जुनं खोड तसंच ठेवलं तर बारीक होत जातं.

वाशीम_ताई
मी मागच्या डिसेंबरात फुललेली कुंडी १५० ला आणली. काय सुंदर, गोल, बुटकी! यंदा तेच झाड माझ्या कमरेपर्यंत गेलंय, काटक्यासारखं. रोपवाटिकावाल्याने फसवलं मला.

शेतातली_फुलं
त्या कुंड्यांवर झाड बुटकं राहावं म्हणून वाढरोधक औषध मारलेलं असतं. त्याचा असर संपला की ते आपल्या अंगाने वाढतं. शेंडे खुडा.

गच्ची_नागपूर
खुडणीवर मी सविस्तर लिहितो. लावल्यावर चार आठवड्यांनी पहिला शेंडा. मग दर तीन आठवड्यांनी. मी ऑक्टोबरपर्यंत खुडतो.

मोर्शीची_मावशी
ऑक्टोबरात खुडलंस तर कळ्याच खुडशील बाप्पा! पोळा झाला की खुडणी बंद, एवढं लक्षात ठेव. त्यानंतर झाडाला हात लावायचा नाही.

गच्ची_नागपूर
मावशी, माझी जात उशिरा फुलणारी आहे.

मोर्शीची_मावशी
तिची नाही.

आर्वी_रिटायर्ड
खुडणी दोनदा पुरे. पहिली लावल्यावर महिन्याने, दुसरी त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी. जितके शेंडे, तितकी फुलं.

पुसदचा_पोट्टा
आमच्या आबाचं म्हणणं शेवंती लावली का मच्छर येत नाही. खरं हाय का? मच्छर अगरबत्तीत शेवंतीच असते म्हणे.

माती_आणि_मी
अर्धं खरं. मच्छर मारणारं पायरेथ्रम शेवंतीच्या कुळातल्या वेगळ्या, पांढऱ्या फुलाच्या झाडापासून काढतात. त्याची मोठी लागवड केनिया, टास्मानिया इकडे आहे. वाळलेल्या फुलांतून ते काढावं लागतं. अंगणात झिप्री लावून काही होत नाही. उलट कुंडीखालच्या थाळीत पाणी साचलं तर मच्छर वाढतील.

पुसदचा_पोट्टा
आबाले सांगून पाहतो. ऐकत नाही तो.

वाशीम_ताई
माझ्या झाडाच्या शेंड्यावर काळे बारीक किडे चिकटलेत, हात लावला की बोट चिकट होतं. कपाशीवर मारायचं औषध मारू का? घरात आहे.

माती_आणि_मी
नका मारू, पूजेची फुलं हाताळायची आहेत आणि घरात लेकरं असतील. हा मावा आहे. ५० ग्रॅम निंबोळीची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्याने गाळा, कपडे धुण्याच्या साबणाचा लहान तुकडा विरघळवून संध्याकाळी फवारा. फवारा पानाच्या मागच्या बाजूने बसला पाहिजे, मावा तिथेच लपतो. आणि पाणी बुडाशी द्या, पानांवर नको. खालची पानं काळपट ठिपके पडून जळतात ती त्यानेच.

कपाशीवाला
युरिया द्या चिमूटभर. झाड फसफसते.

शेतातली_फुलं
झाड फसफसतं, फूल येत नाही. ऑगस्टनंतर युरिया अजिबात नको.

कपाशीवाला
आमच्या कपाशीले चालते.

शेतातली_फुलं
कपाशी पूजेत वाहता का?

कपाशीवाला
वाती कशाच्या करता?

मोर्शीची_मावशी
😂 हे बरोबर बोलला.

आर्वी_रिटायर्ड
एक राहिलं. वानरं. आमच्याकडे कुंड्यांची पार वाट लावतात. फुलं खात नाहीत, नुसती तोडून फेकतात. माझ्या जाळीला कोणी पैसे दिले नाहीत, अर्ज करून करून थकलो.

दारव्ह्याची_सून
आमच्याकडे वानरं कमी, शेजारच्या बकऱ्या जास्त. दार उघडं दिसलं की आत.

मोर्शीची_मावशी
मग सगळ्यात आधी बकरीचा बंदोबस्त. बाकी सल्ले नंतर.

दारव्ह्याची_सून
सगळ्यांचे आभार. काय केलं ते सांगते. जाऊबाईंकडून बारीक पिवळीचे फुटवे आणले, फुकट. कुंडी नाही, जमिनीतच लावले, पण गोठ्याच्या मागच्या अंगाला. तिथे गोठ्याच्या भिंतीमुळे खांबाचा उजेड येत नाही आणि सकाळपासून दुपारपर्यंत ऊन पडतं. मुरूम-शेणखत घालून वीतभर उंच वाफा केला. पैशातून ४८० ची प्लास्टिकची जाळी आणली, बकऱ्यांसाठी. उरलेल्यात सुतळी. आधाराला तुराट्या घरच्याच.
शेंडे मात्र खुडणार नाही. सासूबाई म्हणतात, वाढतं झाड खुडू नये.

गच्ची_नागपूर
खुडावंच लागेल. नाहीतर झाड उंच जाऊन आडवं पडेल.

शेतातली_फुलं
खरंच, एकदा तरी खुडा. फुलं दुप्पट होतील.

आर्वी_रिटायर्ड
निदान अर्धी झाडं खुडा, अर्धी तशीच ठेवा. फरक दिसेल.

दारव्ह्याची_सून
पडेल म्हणूनच तुराट्या आणल्यात काका. फुलं कमी आली तरी चालतील, घरात भांडण नको.

कपाशीवाला
मंग इतक्या जनाले विचारलं काहून?

मोर्शीची_मावशी
जाळी घ्यायची सुचली ना तिला इथूनच. सूनबाई, खुडू नकोस, पण पोळ्याच्या आत एखाद्या दिवशी बकरी आत शिरली आणि तिनेच शेंडे खाल्ले तर सासूबाईंना सांग, बकरीने खाल्ले.

पुसदचा_पोट्टा
कोणाच्याकडे पांढऱ्या शेवंतीचे फुटवे हायेत का? पुसद बाजारात येऊन घेऊन जाईन. आबाले मच्छरासाठी पाहिजेत.