रूट ६६ वरची वाळवंटातली गावं : जोडीने गेला असाल तर लिहा

भटकभवानी
२०२६ मध्ये रूट ६६ ची शंभरी, म्हणून हा धागा. १९२६ ला सुरू झालेला, शिकागोपासून पार कॅलिफोर्नियापर्यंत साधारण २४०० मैल, आणि १९८५ ला सरकारी यादीतून चक्क काढून टाकलेला रस्ता. सगळा कोणी केला असेल तर दंडवतच, पण मला ऐकायचंय ते अॅरिझोना, न्यू मेक्सिको आणि मोहावे वाळवंटातल्या छोट्या गावांबद्दल. नवराबायकोची भांडणं गाळू नका, तीच वाचायला मजा येते.

माझ्यापासून सुरुवात. मार्चमध्ये फ्लॅगस्टाफला मुक्काम करून वेगासला निघालो. नवऱ्याचं म्हणणं, आय-४० हा मोठा महामार्ग पकडायचा आणि चारच्या आत हॉटेल, मी म्हटलं सेलिगमनला खाली उतरायचं, तर हा अर्धा तास घुम्यासारखा गप्प. सेलिगमनमध्ये एंजल देलगादिल्लोंचं न्हाव्याचं दुकान आहे. २२ सप्टेंबर १९७८ ला आय-४० गावाच्या शेजारून सुरू झाला आणि काल गाड्यांची रांग होती तिथे आज शुकशुकाट. गिऱ्हाईकच नाही तर दाढ्या कोणाच्या करणार? मग ह्या माणसाने १९८७ मध्ये चार लोक जमवून संघटना काढली, राज्य सरकारच्या मागे लागून रस्त्याला 'ऐतिहासिक' म्हणून मान्यता मिळवली, आणि आज बसेस भरभरून लोक येतात. एका न्हाव्याने गाव परत चालू केलं राव.

तिथून किंगमनपर्यंत ८५-९० मैल जुना रस्ता सलग आहे. त्यावर बर्मा-शेव्ह ह्या दाढीच्या क्रीमच्या जुन्या जाहिरातींसारख्या लाल पाट्या लावल्यात, एकेका पाटीवर दोन-तीन शब्द, पुढच्या पाटीवर पुढचे, म्हणजे रस्त्यावर पसरलेली वात्रटिकाच. मी मोठ्याने वाचत होते, मधली एक पाटी हुकली, तर वेगासची घाई असलेल्या माणसाने स्वतःहून गाडी वळवली आणि मागे जाऊन वाचली! पोचलो रात्री नऊला.

खारे_दाणे
ओटमन लिहा कोणीतरी, म्हणजे मीच लिहितो. किंगमनहून सिटग्रीव्ह्ज पासवरून जावं लागतं, आपला वरंधा घाट आठवा आणि त्यातली झाडं काढून टाका. वळणं तश्शीच, बऱ्याच ठिकाणी कठडा नाही, चाळीस फुटांवरच्या गाड्यांना बंदी. पूर्वीच्या गाड्यांना पेट्रोलचा पंप नसायचा, टाकीतून उताराने खाली येईल तेवढंच, म्हणून लोक म्हणे रिव्हर्समध्ये चढवायचे. बायको मला म्हणाली तू पण तसंच कर, निदान दरी मला दिसणार नाही.

गावात गाढवं. सोन्याच्या खाणी होत्या तेव्हाच्या गाढवांचे हे वंशज, खाणी बंद झाल्यावर मालकांनी सोडून दिली. भर रस्त्यात उभी राहतात, हॉर्न वाजवायची कोणाची हिंमत नाही. पिल्लांच्या कपाळावर 'मला खायला घालू नका' असे स्टिकर. एकाने खिडकीतून मान आत घातली आणि सासूबाईंनी दिलेल्या चकल्यांची पिशवीच ओढली. पिशवी वाचली, चकल्यांचा चुरा. बायकोचं मत असं की मी मुद्दाम काच खाली ठेवली होती (चकल्या तिच्या आईच्या होत्या, हे सांगायला हवं).

टोपलीभर
ओटमनहून खाली टोपॉकला उतरलात की कोलोरॅडो नदी ओलांडून कॅलिफोर्निया. नीडल्सजवळ शेतमाल तपासायचा नाका आहे, तिथे फळं विचारतात. आमच्याकडे अंगणातल्या झाडाची लिंबं होती, ठेवून घेतली. नवरा खोटं बोलायच्या तयारीत होता, मी आधीच 'येस, लेमन्स' म्हणून मोकळी. बार्स्टोपर्यंत बोलला नाही.

एकला_जीव (आता दुकला)
आमचा हनिमून म्हणा हवं तर, तुकुमकारी, न्यू मेक्सिको. संध्याकाळी सगळ्या मोटेलांचे निऑन लागतात ते बघायला थांबलो. जिथे उतरलो तिथे काउंटरवर गुजराती काकू, आमची नावं वाचून 'केम छो' ऐवजी थेट 'कसं काय' म्हणाल्या, माहेर नाशिकचं निघालं! रात्री दार वाजवून खिचडी-कढी दिली. ह्या रस्त्यावरची कितीतरी मोटेलं गुजराती कुटुंबांनी घेतली, मागेच राहायचं, स्वतः चादरी धुवायच्या, पोरं काउंटरवर अभ्यास करणार. पूर्वी आसपासचे मोटेलवाले मुद्दाम 'अमेरिकन ओन्ड' अशी पाटी लावायचे म्हणे, म्हणजे ह्यांच्याकडे जाऊ नका. काकू हे अगदी हसत सांगत होत्या, मला नाही हसू आलं. बायको आणि त्या अकरापर्यंत भद्रकालीच्या बाजारावर बोलत बसल्या, निऑन मी एकट्याने बघितले.

उंटावरचा
थोडं कडू बोलू का? सेलिगमन म्हणजे मॅग्नेट आणि टी-शर्टची दुकानं. खरं गाव बघायचं तर पीच स्प्रिंग्ज, हुआलापाई ह्या मूळनिवासी लोकांची राजधानी, तिथे कोणी दहा मिनिटंसुद्धा थांबत नाही. तिथल्या पोस्टातून ग्रँड कॅन्यनच्या तळाशी असलेल्या सुपाई गावाला टपाल जातं, शेवटचे आठ मैल खेचरांवरून, किराणासुद्धा त्यातच. माझी बायको पोस्टात गेली आणि स्वतःलाच कार्ड टाकलं. आलं, व्यवस्थित.

भटकभवानी
@उंटावरचा, मॅग्नेट मी पण घेतलाय, पण पीच स्प्रिंग्जला आम्ही नुसतं गाडीतून 'आलं बघ' म्हटलं आणि गेलं, ते खरंय.

मिठागर
आम्ही मुलांच्या नादाला न लागता दोघंच मोहावेत गेलो, वय ५८ आणि ५५. अँबॉय. रॉइज ह्या जुन्या मोटेल-कॅफेची ती मोठी पाटी १९५९ ची, लांबून दिसते आणि बराच वेळ जवळच येत नाही. १९७३ ला आय-४० उत्तरेकडून गेला आणि गाव संपलं. पण मला आवडलं ते दुसरंच : रेल्वेवाल्यांनी इथल्या स्टेशनांना ओळीने ए-बी-सी-डी नावं दिली होती, अँबॉय, ब्रिस्टल, कॅडिझ, डॅन्बी, एसेक्स, फेनर, गॉफ्स. ही म्हणाली, 'रेल्वेत पण आळशी माणसं असतात.' (मी मध्य रेल्वेत ३१ वर्षं काढली.) गावाबाहेर कोरड्या तळ्यात चर खणून क्षार काढतात, उरणची मिठागरं बघितलेल्यांना ओळखीचं वाटेल, फक्त खाडी नाही.

जाण्याआधी रस्ता चालू आहे का बघा. पावसाळी पुरात जुने लाकडी पूल खराब होतात आणि तुकडे बंद असतात. आम्हाला बॅरिकेड लागलं, परत फिरलो, पेट्रोलचा काटा बघत ए.सी. बंद, बाहेर ऑगस्ट. पंधरा मिनिटं दोघांपैकी कोणी बोललं नाही. मग शेजारून मालगाडी गेली, मैलभर लांब, आणि तिने डबे मोजायला सुरुवात केली. माझे १०४, तिचे १०७.

टोपलीभर
@मिठागर काका, मग बरोबर कोणाचं?

मिठागर
तिचं. इंजिनं पण धरली होती.