डेलावेअरकाठचं वॉशिंग्टन क्रॉसिंग : तुमचेही अनुभव लिहा

मागच्या रविवारी न्यू जर्सीतल्या वॉशिंग्टन क्रॉसिंग स्टेट पार्कला जाऊन आलो. बाबा साताऱ्याहून आलेत, त्यांना गाडीत अख्खी गोष्ट सांगितली, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातला १७७६ चा नाताळ, बर्फाचे तुकडे वाहत असलेली डेलावेअर नदी, जॉर्ज वॉशिंग्टनने रात्रीत २,४०० सैनिक पार नेले आणि सकाळी ट्रेंटनमधल्या हेसियन म्हणजे इंग्रजांच्या बाजूने लढणाऱ्या भाडोत्री जर्मन फौजेवर छापा घातला. बाबा काठावर उभे राहिले आणि म्हणाले, "एवढीशीच? पावसाळ्यात आमची कृष्णा बघ." मी गप्प. तुम्ही गेला असाल तर लिहा, मुलांना कुठली ट्रेल झेपेल तेही सांगा.

—

बाबांना डिसेंबरात न्या हो! २५ तारखेला हौशी मंडळी त्या काळचे कपडे घालून लाकडी डरहॅम होड्यांतून नदी ओलांडतात. पाणी चढलेलं असलं की रद्द करतात, आमच्या वेळी तेच झालं, थर्मासमधला चहा पिऊन परत. पण नुसतं तासभर उभं राहून पायाची बोटं बधिर झाली, आणि त्या लोकांनी १८ तोफा अन् घोडे पार करेस्तोवर पहाटेचे तीन वाजले, वर गारपिटीत नऊ मैल चाल, कित्येकांच्या पायात धड बूटही नाहीत.

—

स्ट्रोलर असेल तर कालव्याकडची वाट, जुन्या रेल्वेलाइनच्या जागेवर केलीये त्यामुळे चढ नाहीच. आत रानातल्या ट्रेल छान आहेत पण टिक्स (गोचिडी)!! घरी आल्यावर लेकीच्या मोज्याला तीळ दिसला, म्हटलं चकलीचा असेल, तर तो चालायला लागला.

—

नदीवरच्या १९०४ च्या अरुंद पुलाबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही? समोरून गाडी आली की आपण पोट आत घेतो, जसं काही त्याने गाडी बारीक होणारे. आम्ही आता गाडी अलीकडेच लावतो आणि चालत पलीकडे पेनसिल्व्हेनियात जातो.

—

न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममधलं, वॉशिंग्टन ही नदी ओलांडतानाचं ते भलंमोठं चित्र आधी बघितलं असेल तर नदी लहानच वाटणार. चित्रकार लॉइत्सेने ते १८५१ मध्ये जर्मनीत बसून काढलंय, त्यातला अमेरिकेचा झेंडासुद्धा चुकीचा, तो आला १७७७ मध्ये. हे मला माझ्या चौथीतल्या पोराने सांगितलं, तेही चारचौघांत.

—

(धागाकर्ता) बाबांना सगळं वाचून दाखवलं. परतीचं तिकीट २० डिसेंबरचं आहे, आता पुढे ढकल म्हणतायत.