मदत हवी आहे: पूर डोक्यावरून गेला, मग लोणा कंबरेलाच का फुटतो?

कृष्णाकाठ (सांगली)

आमचं जुनं घर गावभागात आहे. काळ्या दगडाचं जोतं आणि त्यावर चुन्यात बांधलेल्या भाजक्या विटांच्या जाड भिंती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं (तिथं ४५ फूट ही धोक्याची पातळी), तेव्हा माजघरात माणूस बुडेल एवढं पाणी होतं. २०२१ च्या जुलैत पुन्हा आलं. त्या पाण्याची खूण अजून भिंतीवर दिसते, माझ्या डोक्याच्याही वर.

माझा प्रश्न असा, की लोणा (भिंतीवर फुटणारी पांढरी भुकटी) त्या खुणेपर्यंत का नाही? तो जमिनीपासून कंबरेपर्यंतच्या पट्ट्यात फुटतो. अगदी तळाची वीट त्यामानाने धड आहे. सगळ्यात वाईट हाल कंबरेच्या उंचीवर: रंगाचे पोपडे, त्याखाली पांढरी बुरशीसारखी लव, आणि हात लावला की विटेचा भुगा. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की फुटायला लागतो आणि उन्हाळ्यात जोर धरतो. पावसाळ्यात पांढरं नाहीसं होतं, पण त्याच पट्ट्याच्या थोडं वर भिंत काळपट, ओलसर दिसते. छत गळत नाही, त्या भिंतीत नळाची पाइपही नाही.

आणखी एक. मागची भिंत सगळ्यात जास्त खराब आहे. तिला लागून आजोबांच्या काळात गोठा होता.

गवंडी म्हणतो, सगळा गिलावा उतरवून वॉटरप्रूफ पावडर घातलेलं सिमेंट मारू आणि छातीपर्यंत टाइल्स लावू. शेजारच्या काकांनी तेच केलं, आता त्यांचा लोणा टाइल्सच्या वरच्या कडेला फुटतोय. म्हणून मला खर्च करायच्या आधी कारण समजून घ्यायचं आहे. ही भिंत झाकायची नाही, वाचवायची आहे. जाणकारांनी कृपया सांगावं.

चुनाविटा (सातारा)

दादा, तुम्ही निरीक्षणं इतकी नीट दिली आहेत की निम्मं उत्तर त्यातच आलं. मी जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीची कामं करतो, त्या अनुभवावर सांगतो.

पुराचं पाणी बाजूने आलं आणि काही महिन्यांत वाळून गेलं. लोणा आणतं ते खालून चढणारं पाणी. वीट आणि चुना दोन्हींत केसाएवढी बारीक छिद्रं असतात, दिव्याच्या वातीतून तेल चढावं तसं जमिनीतलं पाणी त्यांतून वर चढतं. चढता चढता भिंतीच्या पृष्ठभागावरून ते हवेत उडूनही जातं. जिथं खालून येणारं आणि हवेत उडणारं पाणी सारखं होतं, तिथं ओल थांबते. तुमच्याकडे ती उंची कंबरेची आहे. पाणी उडतं, त्यातले क्षार तिथेच उरतात आणि वर्षानुवर्षं साठत जातात. तळाची वीट कायम ओली असते, त्यामुळे तिथं क्षार पाण्यात विरघळलेलेच राहतात आणि वीट टिकते. ओली वीट शाबूत आणि वाळणारी वीट भुगा, हे उलटं वाटतं, पण कारण हेच.

भुगा का होतो तेही सांगतो, कारण यातच खरी मेख आहे. नुसतं पांढरं दिसणं निरुपद्रवी असतं. क्षाराचा स्फटिक विटेच्या आतल्या छिद्रात वाढला की तो आतून दाब देतो. सोडियम सल्फेट त्यातला सर्वात वाईट. त्याचा कोरडा स्फटिक पाणी शोषून दुसऱ्या रूपात जातो तेव्हा त्याचं आकारमान सुमारे तिप्पट होतं, आणि हा बदल साधारण ३२ अंश सेल्सिअसच्या आसपास होतो. सांगलीत उन्हाळ्यात दुपारी पारा त्याच्या वर असतो, पहाटे खाली येतो. भिंत रोज आतून ढकलली जाते.

आता पावसाळ्यातला काळपट पट्टा. सगळे क्षार सारखे नसतात. सल्फेट कमी विरघळतात, म्हणून खालीच बसतात. नायट्रेट आणि क्लोराइड जास्त विरघळतात, म्हणून पाण्याबरोबर आणखी वर जातात. हे वरचे क्षार हवेतला दमटपणा ओढून घेतात. पावसाळ्यात ते स्वतःच पाणी होतात, आणि खालून थेंब आला नाही तरी भिंत ओली दिसते. गोठ्याचं कोडंही इथेच सुटतं. शेण आणि गोमूत्रातल्या नत्राचं जमिनीतले जीवाणू नायट्रेट करतात. पूर्वी बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा (तोही नायट्रेटच) गोठ्यांच्या आणि जुन्या भिंतींच्या मातीतूनच काढत. गोठा गेला, नायट्रेट भिंतीत राहिलं.

शेजारच्या काकांचं काय झालं ते तुमच्या लक्षात आलंच असेल. सिमेंट आणि टाइल्समुळे पाणी उडायची वाट बंद झाली, पाणी मात्र चढतच राहिलं. ते आता जिथं मोकळी भिंत मिळते तिथं बाहेर पडतं. शिवाय सिमेंटमध्ये स्वतःचे सल्फेट असतात, ते वेगळेच. चुन्याच्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा मारू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो.

एक सांगा: बाहेरचा रस्ता जोत्याच्या किती खाली आहे?

शेतकरी वाळवा

माझा घरबांधणीशी संबंध नाही, पण चुनाविटा भाऊंनी लिहिलेलं वाचून आमची जमीन डोळ्यासमोर आली. आमच्या पट्ट्यात उसाला पाट भरून पाणी देऊन देऊन काळ्या रानातलं पाणी वर आलं. उन्हाळ्यात वरचं पाणी उडतं आणि रानावर पांढरा थर बसतो. क्षारपड म्हणतात ती हीच. त्यावर आम्ही वरून काहीही टाकलं तरी उपयोग होत नाही. जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून निचरा केला, तेव्हाच रान सुधारलं. तुमच्या भिंतीचं दुखणंही खालच्या पाण्यात असणार. आधी पायाशी पाणी कुठून मुरतं ते शोधा.

मिरजकर

ताईचा सल्ला समजून एक छोटी परीक्षा करून बघा. ती पांढरी भुकटी थोडी वाटीत घेऊन पाण्यात टाका. विरघळली तर क्षार. नाही विरघळली तर त्यावर व्हिनेगर टाका, फेस आला तर तो नुसता चुना आहे, त्याची भीती नाही. दोन्ही नाही झालं आणि वास कुबट असेल तर बुरशी. तुम्ही 'लव' लिहिलंय म्हणून हे सुचवलं.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. ताई, भुकटी पाण्यात पूर्ण विरघळली, कुबट वासही नाही.

चुनाविटा दादा, तुमच्या प्रश्नाने मी बाहेर जाऊन नीट पाहिलं. गल्लीवर डांबराचे थर चढत चढत रस्ता जोत्याच्या वर आलाय. दगड दिसतच नाही, पहिली वीट सरळ रस्त्याला टेकलीय. मागे, गोठा होता तिथं, मोरीचं पाणी जाणारी उघडी गटार आहे आणि तिचा उतार भिंतीकडे आहे. दोन्ही भिंतींना लोणा. मधल्या भिंतीला, जिच्या दोन्ही बाजूंना घरच आहे, जवळजवळ नाही.

मग आता क्रम काय ठेवू? आईचं देवघर त्या मागच्या भिंतीतच आहे, म्हणून तिथलं काम जपून करायचं आहे.

चुनाविटा (सातारा)

मग निदान झालंच. काळा दगड घट्ट असतो, त्यातून पाणी फारसं चढत नाही. तुमच्या घराचं जोतं हाच त्या काळचा डीपीसी, म्हणजे ओल वर चढू न देणारा थर, होता. रस्त्याने तो ओलांडला.

आधी बाहेरचं काम. गटारीचा उतार फिरवा आणि आतून तिला पक्का गिलावा करा (इथं सिमेंट चालेल, ते भिंतीवर नाही). गल्लीच्या बाजूला भिंतीलगत वीतभर रुंद चर खणून दगड उघडा करा, चरात खडी भरा आणि त्यातलं पाणी वाहून जाईल अशी वाट द्या. गल्ली सार्वजनिक आहे, त्यामुळे महापालिकेला विचारून करा. हे केल्याशिवाय आत काहीही करू नका, पैसे वाया जातील.

आत सध्या फक्त कोरड्या ब्रशने लोणा झाडा. खाली कागद पसरा आणि भुकटी घराबाहेर टाका, भिंतीच्या पायाशी पडू देऊ नका. पाण्याने अजिबात धुऊ नका, धुतलं की क्षार परत आत जातात. प्लास्टिक पेंट असेल तर खरवडून काढा. जोर नको, सुटेल तेवढाच.

बाहेरचं काम झाल्यावर भिंतीला एक पूर्ण उन्हाळा वाळू द्या. वाळताना लोणा आधीपेक्षा जास्त फुटेल. घाबरू नका, साठलेले क्षार बाहेर येताहेत. देवघराच्या भागात लगद्याचा लेप लावा: छपाई नसलेला पांढरा कागद पावसाच्या साठवलेल्या पाण्यात भिजवून, कुटून, बोटभर जाड थापा. बोअरचं पाणी वापरू नका, त्यात क्षार असतात. लेप पूर्ण वाळून आपोआप सुटायला लागला की काढून टाका, क्षार त्यात आलेले असतात. भुकटी कमी होईपर्यंत पुन्हा पुन्हा करा.

शेवटी चुना आणि वाळूचा गिलावा, वर चुन्याची सफेदी. हा गिलावा काही वर्षांनी खराब होईल आणि बदलावा लागेल. तो त्यासाठीच असतो, उरलेले क्षार त्याने घ्यायचे आणि वीट वाचवायची. गवंडी निवडताना एवढंच विचारा, की चुना किती दिवस भिजवतो. आदल्या रात्री म्हणाला तर दुसरा शोधा.